लौकिकाने चोर : फिडलच्या एका चालीची कुळकथा

स्कॉटलंडच्या ईशान्य भागात फिडलवर वाजवली जाणारी 'मॅकफर्सन्स रँट' नावाची एक जुनी चाल आहे. मी ती पहिल्यांदा ऐकली ती एका मित्राने आणलेल्या ध्वनिफितीवर. मित्र संगीतातला जाणकार. चाल संपल्यावर तो म्हणाला, "ही चाल वाजवत एक माणूस फासावर गेला." मी विचारले, "गुन्हा काय केला होता?" तो म्हणाला, "असेल काही चोरीमारी. जिप्सी होता ना." ही दोन वाक्ये बोलताना तो मध्ये श्वास घ्यायलासुद्धा थांबला नाही. माणूस चांगला आहे, पुरोगामी म्हणवतो, आमच्या चळवळीच्या सभांना येतो. म्हणूनच त्याचे ते न थांबणे माझ्या मनात राहिले.

त्यानंतर मिळेल तिथून या चालीची माहिती मी गोळा करत गेलो. मी संगीताचा अभ्यासक नाही. मला स्वरलिपी वाचता येत नाही. परंतु एखादी कलाकृती कोणाच्या पोटातून आली, कोणी उचलली, कोणी तिच्यावर आपले नाव घातले आणि मधल्या मध्ये कोण गाळले गेले, हे पाहणे हे समीक्षेचेच काम आहे असे मी मानतो. आपल्याकडे सौंदर्यशास्त्रावर बोलणारी मंडळी म्हणतात की सुराला जात नसते. सुराला नसेल, वाजवणाऱ्याला असते, आणि न्यायालयात सूर उभा राहत नाही.

आधी कथा सांगतो, जशी ती गाण्यातून आणि लोकांच्या तोंडून चालत आली तशी.

जेम्स मॅकफर्सन हा एका हायलंड जमीनदाराचा अनौरस मुलगा. आई भटक्या जमातीतली, तिकडच्या भाषेत जिप्सी. बापाने पोराला घरात वाढवले. बाप मेल्यावर पोर आईच्या माणसांत परत गेले. अंगाने धिप्पाड, तलवारीत तरबेज, फिडलमध्ये त्याहून तरबेज. टोळीचा म्होरक्या झाला. श्रीमंतांना लुटी, गरिबांना देई. ब्रॅकोचा जमीनदार अलेक्झांडर डफ याने अखेर त्याला कीथच्या जत्रेत पकडले. बॅन्फ गावात फाशीची शिक्षा झाली. तुरुंगात त्याने ही चाल बांधली. फासाखाली उभे राहून ती वाजवली आणि मग फिडल पुढे करून विचारले, आहे कोणी माझे हे वाद्य घेणारा? गर्दीतून एकही हात पुढे आला नाही. ज्याने घेतले असते तो त्याचा सोबती ठरला असता. तेव्हा त्याने फिडल फोडून टाकले. इकडे माफीचा हुकूम घेऊन एक घोडेस्वार दौडत येत होता. ते कळताच गावच्या अधिकाऱ्यांनी घड्याळाचे काटे पंधरा मिनिटे पुढे सरकवले आणि स्वार पोहोचण्याआधी काम उरकले.

कथा सुंदर आहे. इतकी सुंदर की संशय यावा. फासावर जाणारा माणूस शेवटची चाल वाजवतो आणि वाद्य फोडतो ही गोष्ट आयर्लंडमध्येही सांगतात. समुद्र ओलांडून ती अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरात गेली आणि तिथल्या 'कॅलहॅन' नावाच्या चालीला चिकटली. तिथला कॅलहॅन तर स्वतःच्या शवपेटीवर बसून फिडल वाजवतो. डी. के. विल्गस या अमेरिकन लोकसाहित्य-संशोधकाने १९६५ साली या फिरत्या दंतकथेवर स्वतंत्र लेख लिहिला आहे. म्हणजे फिडल फुटले की नाही, हे छातीठोकपणे सांगता येणार नाही. माफीच्या हुकमाचेही तसेच.

परंतु एक गोष्ट दंतकथा नाही. खटला झाला, आणि त्याचे कागद शिल्लक आहेत. ते १८४६ साली छापलेही गेले. गंमत अशी की गाणे ऐकणाऱ्या हजारांपैकी फार थोड्यांनी ते पाहिले असतील. आणि माझ्या मते या चालीचा खरा अर्थ त्या रुक्ष कागदांतच आहे.

८ नोव्हेंबर १७०० रोजी बॅन्फच्या शेरीफच्या न्यायालयात चार माणसे उभी केली गेली : जेम्स मॅकफर्सन, जेम्स गॉर्डन, पीटर ब्राउन आणि डोनल्ड ब्राउन. आरोप काय? अमुक दिवशी अमक्याचे अमुक चोरले, असा नव्हे. निदान मुख्य आरोप तसा नव्हता. आरोप असा की ही माणसे वळणाने आणि लौकिकाने 'इजिप्शियन' व भटकी म्हणून ओळखली जातात, आणि बाजारांत आपल्या नेहमीच्या पद्धतीने चोऱ्या करत व पाकीट मारत हिंडतात. इजिप्शियन म्हणजे जिप्सी. ते इजिप्तमधून आले असा त्या काळी युरोपात समज होता. त्यावरूनच जिप्सी हा शब्द आला. साक्षीदार आले. त्यांनी काय सांगितले? जबरदस्तीच्या आणि लुबाडणुकीच्या तक्रारी होत्याच, त्या मी झाकत नाही. पण त्याबरोबरच साक्षीत हेही आले की ही माणसे आपसात वेगळी भाषा बोलतात, आणि रात्र रात्र नाचतात-गातात. पंचांनी निर्णय दिला : ही माणसे इजिप्शियन म्हणून ओळखली जातात, मानली जातात, तसा त्यांचा लौकिक आहे. तेवढ्यावर दोर ठरला. १६ नोव्हेंबर हा दिवस नेमला, कारण तो आठवडी बाजाराचा दिवस होता. वेळ दुपारी दोन ते तीनच्या दरम्यान.

आता हे कायदेशीर कसे? तर १६०९ साली स्कॉटलंडच्या संसदेने इजिप्शियनांविषयी एक कायदा केला होता. त्यांनी ठरलेल्या तारखेपर्यंत देश सोडावा. त्यानंतर जो सापडेल त्याला चोर समजून देहदंड द्यावा. आणि पुरावा? एवढाच, की त्याला लोक इजिप्शियन म्हणतात, ओळखतात, तशी त्याची ख्याती आहे. चोरी सिद्ध करण्याची गरज नाही. जन्म सिद्ध करण्याचीही गरज नाही. लोक म्हणतात, बस्स. १६२४ साली एडिंबरोला जॉन फा या त्यांच्या नायकाला त्याच्या माणसांसह याच कायद्याने लटकवले होते.

याच जमातीच्या पुढाऱ्याला १५४० साली राजा पाचवा जेम्स याने 'लिटल इजिप्तचा सरदार' म्हणून मान दिला होता. राजवाड्यात राजासमोर त्यांच्या नाचाबद्दल बक्षिशी दिल्याची नोंद १५३० च्या सुमाराची आहे. तेव्हा राजासमोरचे नाचणे ही करमणूक आणि १७०० साली आपल्याच माणसांत रात्रीचे नाचणे हा पुरावा. आमच्याकडेही तमाशातली कोल्हाटीण पाटलाच्या वाड्यात चालते. तिच्या पालावर रात्री दिवा दिसला की चौकीला वर्दी जाते.

साक्षींच्या त्या कागदांत आणखी एक तपशील आहे, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. रात्रीच्या नाचाला व्हायोलिन वाजवणारा म्हणून तिथे नाव येते ते पीटर ब्राउनचे. मॅकफर्सनचे नव्हे. याचा अर्थ मॅकफर्सन वाजवत नव्हता असा मी काढत नाही. पण त्या टोळीत वाद्य ही एका वीरपुरुषाची विभूती नव्हती. ती सगळ्यांची रोजची गोष्ट होती. कोणीतरी वाजवी, बाकीचे नाचत. गाण्याने मात्र चार माणसांतून एक उचलला. ब्राउन गेले. गॉर्डन तर अक्षरशः मॅकफर्सनबरोबर फासावर जायचा होता. शिक्षेच्या हुकमात दोघांची नावे शेजारी शेजारी आहेत. त्याच्या नावाची चाल नाही.

ब्राउनांचे काय झाले हेही पाहण्यासारखे आहे. ग्रँटच्या जमीनदाराने दावा केला की ही माझ्या हद्दीतली माणसे, यांचा न्याय मी करीन. न्यायालयाने तो दावा मानला नाही, पण त्या दिवसाच्या फाशीच्या हुकमात त्या दोघांची नावे नाहीत. ज्याच्यामागे कोणी धनी उभा राहतो त्याचा दोर लांबतो. ही रीत कुठल्याही भाषेत समजावून सांगावी लागत नाही.

आता ते घड्याळ. घड्याळाची कथा या चालीच्या साऱ्या परंपरेत सर्वांत लोकप्रिय. डफटाउन नावाच्या गावात मनोऱ्यावर एक घड्याळ आहे. ते पूर्वी बॅन्फला होते आणि त्यानेच मॅकफर्सनला फाशी दिली, असे पर्यटकांना सांगतात. डफटाउन हे गाव १८१७ साली वसवले ते अर्ल ऑफ फाइफने, म्हणजे ज्या डफांनी मॅकफर्सनला धरले त्याच घराण्याने. घराण्याचे गाव, घराण्याचा मनोरा, आणि त्यावर दोषी ठरवलेले घड्याळ!

मला या घड्याळाचा राग येतो. कथा ऐकणाऱ्याला ते किती सोयीचे आहे पाहा. ते सांगते की राज्य न्यायी होते, वरून माफी निघाली होती, फक्त गावातल्या दोन-चार दुष्टांनी काटे फिरवले. पंधरा मिनिटे इकडची तिकडे झाली नसती तर सारे ठीक झाले असते. म्हणजे दोष काट्यांचा, कायद्याचा नव्हे. खरी गोष्ट उलटी आहे. ते घड्याळ सेकंदाबरहुकूम चालले असते तरी १६०९ चा कायदा आपल्या जागी बरोबर चालूच होता. जो कायदा माणसाला नावावरून मारतो त्याला घाई करण्याची गरज नसते. शिक्षेच्या हुकमात दोन ते तीन असा सबंध तास दिलेला होता. पंधरा मिनिटे चोरून अधिकाऱ्यांनी मिळवले काय? परंतु लोकांना घड्याळ हवे असते. आमच्याकडे एखाद्या वस्तीवर अत्याचार झाला की चौकशी समिती येते आणि सांगते की अमुक फौजदाराने वेळेवर कुमक पाठवली नाही. फौजदार बदलतो. गाव तेच राहते. ते फौजदाराचे नाव म्हणजेच बॅन्फचे घड्याळ.

फाशीनंतर थोड्याच वर्षांत या विषयावरची गाण्याची पत्रके छापून विकली जाऊ लागली. त्यातल्या एकाच्या मथळ्यातच मॅकफर्सनला खुनी म्हटले आहे. खुनासाठी त्याला शिक्षा झालेलीच नव्हती. न्यायालयाने जे म्हटले नाही ते बाजाराने म्हटले. दुसरीकडे चाल आपली स्वतंत्र वाट चालत होती. १७१० सालच्या मार्गारेट सिंक्लर हिच्या हस्तलिखित संगीतवहीत ती सापडते, आणि तिथे तिचे नाव आहे मॅकफर्सनचे 'टेस्टामेंट', म्हणजे मृत्युपत्र. फाशीला उणीपुरी दहा वर्षे झाली होती. पुढे तीच चाल कुठे 'फेअरवेल' झाली, कुठे 'लॅमेंट', कुठे 'रँट'. निरोप, शोक आणि नाचाची उडती चाल, ही तिन्ही नावे एकाच सुरावटीला. वाजवणारे ती संथही वाजवतात आणि जलदही. जाणकार यावर वाद घालतात की मूळ लय कोणती. मला वाटते हा वाद फारसा उपयोगाचा नाही. आमच्या वाड्यात मयताला हलगी वाजे ती आणि वरातीला वाजे ती, वाजवणारा एकच असे.

१७८८ साली रॉबर्ट बर्न्सने या चालीवर आपले गीत लिहिले, आणि मग मॅकफर्सन जगभर गेला. बर्न्सविषयी मला आदर आहे. तो कुळाचा मुलगा, नांगर धरलेला माणूस. दरबारी कवींच्या भाषेला त्याने आपल्या बोलीने धक्का दिला. त्याच्या गीतातला मॅकफर्सन हसत, नाचत, मृत्यूला तुच्छ लेखत फासाकडे जातो. कार्लाइलने १८२८ च्या निबंधात या गीताची फार वाखाणणी केली आहे. पण ते गीत मी पुन्हा पुन्हा वाचले तेव्हा लक्षात आले की त्यात जिप्सी हा शब्द कुठेच नाही. आई नाही. सोबती नाहीत. कायदा नाही. त्याला विश्वासघाताने मारले एवढेच आहे. बर्न्सने त्याला शूर केले आणि शूर करताना त्याची जमात पुसली. त्यामुळे वाचकाला एका माणसाच्या धैर्याचे कौतुक करता येते आणि एका जमातीच्या छळाकडे पाहावे लागत नाही. आपल्याकडच्या मध्यमवर्गीय समीक्षेने दलित आत्मकथनांचे जे केले त्याची मला इथे आठवण होते. लेखकाची 'जिद्द', 'दुर्दम्य आशावाद', 'चिखलातून उमललेले कमळ' असे शब्द परीक्षणांतून मी इतक्यांदा वाचले आहेत! कमळाचे कौतुक करणारा चिखल कोणी केला हे विचारत नाही.

बापाचा प्रश्न तर आणखी बोलका आहे. न्यूटनमोर येथे मॅकफर्सन कुळाचे संग्रहालय आहे. तिथे एक मोडलेले फिडल जपून ठेवलेले आहे. ते त्याचेच, असे परंपरा सांगते. ज्या बापाच्या कुळाने त्याला औरस म्हटले नाही त्या कुळाच्या काचपेटीत आज त्याची लाकडे आहेत. आईचे नाव मात्र मी जितके वाचले त्यात कुठे सापडले नाही. ती 'एक देखणी जिप्सी स्त्री' एवढीच आहे. फाशी झाली ती आईच्या रक्ताची. अभिमान धरला जातो तो बापाच्या नावाचा. हे वाचताना शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' (१९८४) आठवणार नाही असा आपला वाचक विरळा. तिथेही वाडा बापाचा आणि वणवण आईची. फरक एवढाच की अक्करमाशाने आपली गोष्ट स्वतः लिहिली. मॅकफर्सनला ती फक्त वाजवता आली, आणि शब्द इतरांनी घातले. किशोर शांताबाई काळे यांनी 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४) लिहिताना आईचेच नाव मधे लावले, हे केवढे मोठे काम होते ते त्या काचपेटीशेजारी ठेवून पाहिले म्हणजे कळते.

कोणी म्हणेल, स्कॉटलंडच्या तीनशे वर्षांपूर्वीच्या फाशीचे तुम्हाला काय? मला काय ते सांगतो.

साक्षीदारांना जी वेगळी भाषा ऐकू आली तिच्याविषयी १७०० साली कोणाला काही ठाऊक नव्हते. १७८२ साली रुडिगर या जर्मन विद्वानाने दाखवून दिले की जिप्सींची रोमानी भाषा ही भारतीय आर्यभाषांपैकी आहे. रोमानीत पाण्याला 'पानी', नाकाला 'नाक', कानाला 'कान', काळ्याला 'कालो', दहाला 'देश' म्हणतात. स्कॉटलंडच्या भटक्यांच्या गुप्त बोलीतही 'पानी' शिल्लक राहिला आहे. स्वतःला ते 'रोम' म्हणवतात, आणि हा शब्द आपल्या 'डोंब' या शब्दाचाच वंशज असल्याचे भाषाशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे बॅन्फच्या न्यायालयात ज्या बोलीला गुन्ह्याचा वास आला ती बोलणारा तहानेला काय म्हणाला असेल ते मला आणि माझ्या आजीला दुभाष्याशिवाय कळले असते. स्कॉटलंडचे सगळे भटके भारतातूनच आले असे नाही. त्यांच्यात स्थानिक जिनगर-कल्हईवाले, बेघर झालेले कितीतरी लोक मिसळले. पण कायद्याला त्याची पर्वा नव्हती, तर मी तरी रक्ताचा हिशेब कशाला मांडू?

हिशेब मांडणारे मांडतात. २०१६ साली दिल्लीत आंतरराष्ट्रीय रोमा परिषद भरली आणि रोमा ही भारताची लेकरे आहेत असा तिथे गौरव झाला. हजार वर्षांपूर्वी गेलेल्या डोंबांचा अभिमान आणि आज वेशीवर दोर बांधून पोरीला चालवणाऱ्या डोंबाऱ्याला हुसकणे, या दोन्ही गोष्टी एकाच देशात सुखाने नांदतात.

डेव्हिड मॅकरिची नावाचा एडिंबरोचा एक गृहस्थ होता. त्याने १८८६ साली भारतातल्या जिप्सींवर पुस्तक लिहिले आणि १८९४ साली स्टुअर्ट राजांच्या काळातल्या स्कॉटिश जिप्सींवर. एकाच टेबलावर दोन्ही. त्या दोन पुस्तकांच्या आधी, १८७१ साली, इंग्रज सरकारने हिंदुस्थानात गुन्हेगार जमातींचा कायदा केला होता. त्यामागचा युक्तिवाद असा, की इथे सुताराचा मुलगा सुतार, विणकराचा विणकर, तसा चोराचा मुलगा चोर. गुन्हा हाच यांचा जातिधर्म. १६०९ चा कायदा डोळ्यांसमोर ठेवून १८७१ चा बनवला असे माझे म्हणणे नाही. तसा पुरावा माझ्याकडे नाही आणि त्याची गरजही नाही. दोन्हींचे काळीज एक आहे : कृत्य नको, लौकिक पुरे. वेगळे काही असेल तर हे, की स्कॉटलंडात सरकारला जिप्सी देशाबाहेर हवे होते, आणि इथे पारधी, कैकाडी, टकारी, भामटे तारेच्या कुंपणात हवे होते. जातिव्यवस्थेने अर्धे काम आधीच करून ठेवले होते. इंग्रजाने त्यावर हजेरीपट चढवला. सोलापूरच्या सेटलमेंटमधले लोक गिरणीत राबून संध्याकाळी पुन्हा कुंपणात मोजले जात. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. 'उपरा' (१९८०) आणि 'उचल्या' (१९८७) या पुस्तकांनी सांगितले की कायदा गेला तरी लौकिक गेला नाही. 'उचल्या' हे नावच पाहा. बॅन्फच्या कागदातले पाकीटमारीचे शब्द लक्ष्मण गायकवाडांनी स्वतःच्या हाताने पुस्तकाच्या कपाळावर लिहिले आणि म्हटले, आता वाचा.

कोणाला वाटेल हे सारे इतिहासजमा झाले. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे ११६ वे कलम वकील मित्राकडून समजून घ्या. माणूस सराईत आहे हे त्याच्या सर्वसाधारण लौकिकाच्या पुराव्याने सिद्ध करता येते, अशी तरतूद तिथे होती. २०२३ च्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही ती ठेवली आहे. फाशी नव्हे, जामीनकतबा घेण्यापुरते. पण शब्द तोच. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगाच्या नियमावल्यांतील जातीवरून कामे वाटण्याच्या आणि विमुक्तांना जन्मावरून सराईत धरण्याच्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या, ही मोठी गोष्ट झाली. घटना लागू होऊन चौऱ्याहत्तर वर्षे झाल्यावर.

आणि आता आपल्याकडे वळतो, कारण इतका वेळ इंग्रज, जमीनदार आणि न्यायाधीश यांच्यावर बोलणे सोपे होते. बॅन्फच्या गर्दीत फिडल घ्यायला एकही हात पुढे आला नाही, हा कथेतला क्षण खरा असो वा खोटा, मला तो सोडत नाही. त्या गर्दीत सगळेच काही डफ नव्हते. मच्छीमार असतील, मजूर असतील, बाजारात अंडी विकायला आलेल्या बायका असतील.

माझ्या लहानपणी आमच्या गावाला सुगीनंतर एक गोसावी येई. त्याच्याजवळ किंगरी होती. नारळाची करवंटी, कळकाची दांडी, घोड्याच्या केसांचा गज, आणि गजाला घुंगरू. तो आधी पोलीस पाटलाकडे जाऊन आपण आल्याचे सांगे, मग ओढ्याच्या काठी पाल टाकी, आणि मगच वाजवायला निघे. गावाने आम्हाला वेशीबाहेर ठेवले होते. त्याला आमच्याही पलीकडे. तो महारवाड्यात वाजवायला आला की आम्ही पोरे भोवती जमत असू. आणि आत माझी आई, चुलती, साऱ्या बायका कोंबड्या डालत, वाळवण आत घेत. "आलं गोसाव्याचं," असे म्हणत. त्याने कधी काही नेल्याचे मला आठवत नाही. त्यांनाही आठवत नसावे. आम्हाला ज्या लौकिकाने गावाबाहेर बसवले त्याच लौकिकाचे एक टोक आमच्याही हातात होते, आणि ते आम्ही ओढत होतो.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा येथे, आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे अशी अफवा होती. माणसे भिक्षेकरी होती, अनोळखी होती, वेगळी दिसत होती. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारले. मारणारे कोणी सरदार-जहागीरदार नव्हते. बाजाराला आलेली साधी माणसे होती. तिथे १६०९ चा कायदा नव्हता, १८७१ चाही नव्हता. लौकिक होता. बाजारही होता.

ही चाल टिकली ती बर्न्समुळे नव्हे, कुळाच्या संग्रहालयामुळेही नव्हे, हे शेवटी नोंदवले पाहिजे. १९५० नंतर हॅमिश हेंडरसन आणि एडिंबरो विद्यापीठातले त्याचे सहकारी ध्वनिमुद्रणयंत्र घेऊन हिंडले, तेव्हा हे गाणे त्यांना सापडले ते रस्त्यावर गाणाऱ्यांच्या आणि भटक्यांच्या तोंडी. डेव्ही स्ट्यूअर्ट हा त्यांपैकी एक. जन्माने भटका, जत्रांत आणि रांगांसमोर बाजा वाजवून पोट भरणारा, १९७२ साली वारलेला. त्याच्या तोंडी बर्न्सचे गुळगुळीत गीत नव्हते. जुने, ओबडधोबड, फिडल फोडणारे आणि घड्याळ फिरवणारे गाणे होते. घड्याळाविषयी मी वर जे लिहिले ते डेव्ही स्ट्यूअर्टला ऐकवायची माझी हिंमत झाली नसती. ज्याला रोज पोलीस "चल, पुढे हो" म्हणतो त्याला घड्याळ कसे फिरते हे माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असणार. कदाचित त्याच्या गाण्यात ते घड्याळ वेगळेच काही सांगत असेल.

मित्राने दिलेली ती ध्वनिफीत मी अजून परत केलेली नाही. परवा ती लावली असताना माझी म्हातारी आई शेजारी बसली होती. तिला इंग्रजी कळत नाही, तिकडची बोली तर मलाही कळत नाही. थोडा वेळ ऐकून ती म्हणाली, "गोसाव्याची किंगरी अशीच वाजायची बघ." मी विचारले, "त्याचं नाव काय गं होतं?" तिने बराच वेळ आठवून पाहिले.